‘मी चोर नाही’ हे आईला कसं पटवू?

ताई,

माझं वय ५३, आईचं ८१. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला अल्झायमर असल्याचं सांगितलं. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. तिच्यासाठी मी नोकरी अर्धवेळ करून घेतली, आता तीही सोडावी असं मनात येतं. आई तिचं पैशांचं पाकीट कुठेतरी लपवते, विसरते आणि मग मी चोरलं म्हणते. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगते, ‘ही मला लुबाडते.’ मी पाकीट शोधून हातात दिलं तर म्हणते, ‘बघ, तुझ्याकडेच होतं.’ संध्याकाळ झाली की ‘मला माझ्या घरी सोड’ म्हणत दाराशी जाऊन उभी राहते. बाबा अजून कसे आले नाहीत, असं विचारते. ते गेले असं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. नाही सांगितलं तर मी तिला फसवतेय असं वाटतं.

दादा लांब राहतो. फोनवर आई त्याच्याशी इतकी नीट बोलते की तो मलाच म्हणतो, ‘तू उगाच बाऊ करतेस.’ दोन महिन्यांतून एकदा दोन दिवस येतो आणि ते दोन दिवस ती खरंच बरी असते. एखाद्या संस्थेचा विषय काढला की तो फोन ठेवून देतो.

मागच्या आठवड्यात तिने मला रात्री चौथ्यांदा उठवलं तेव्हा ३ वाजले होते. पुन्हा तेच, पाकीट. मी तिचे दंड धरून तिला गदागदा हलवलं आणि ओरडले, ‘मरत का नाहीस एकदाची!’ ती भेदरून भिंतीला चिकटली. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. ‘हे काय गं लागलं मला?’ असं तिनेच विचारलं आणि मी म्हणाले, ‘कुठेतरी आपटली असशील.’ हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी चोर नाही, मी वाईट नाही, हे तिला कसं पटवू?

— एक मुलगी

प्रिय मैत्रिणी,

वळांबद्दल तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. जे झालं ते चुकीचं झालं. ‘होतं असं कधीकधी’ म्हणून मी ते पुसून टाकणार नाही. तुम्हालाही ते पुसून नको असावं, नाहीतर हे पत्र आलंच नसतं. आधी डॉक्टरांना त्या रात्रीबद्दल सांगा, आणि ‘आपटली’ असं न म्हणता जसं घडलं तसंच सांगा. या वयात कातडी पातळ झालेली असते. मेंदूवरच्या बारीक शिराही नाजूक झालेल्या असतात आणि जोराच्या हिसक्याने किंवा डोकं आदळल्याने कवटीच्या आत हळूहळू रक्त साकळू शकतं. आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतील तर हा धोका जास्त. याची लक्षणं कधीकधी दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात: माणूस एकाएकी झोपाळू होतो, चालताना झोक जातो, डोकं दुखतं, उलट्या होतात, एका बाजूचा हात-पाय अशक्त पडतो. असं काही दिसलं तर ‘आजार वाढला’ म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बहुधा असं काही झालेलं नसेल. पण लपवून ठेवलं तर ते बघायचं राहून जाईल, आणि तुम्हीही त्या रात्रीपाशीच अडकून राहाल.

पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, तेही आजच ठरवून ठेवा. त्या क्षणी काही सुचत नाही. आईंना पलंगावर किंवा खुर्चीत बसवायचं, खोलीबाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं. दहा मिनिटं. त्या हाका मारतील, रडतील, नको ते बोलतील. बोलू देत. त्या दहा मिनिटांत त्यांना तुमच्या हातांपासून जपणं, हेच त्यांचं करणं.

आता ‘मरत का नाहीस’बद्दल. आजारी माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्या किती जणांच्या मनात हे वाक्य येऊन गेलेलं असतं, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते सांगतात, पण आवाज खाली करून आणि दाराकडे बघत. तुम्हाला आई मरायला नको होती, तुम्हाला ती रात्र संपायला हवी होती. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्या घरांत माणूस नव्हता आणि त्याच्या जाण्याची खात्रीही नव्हती, म्हणून धड रडताही येत नव्हतं. पुढे त्यांना स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरांत हेच उलट्या बाजूने दिसलं. माणूस समोर बसलेला असतो आणि तरी गेलेला असतो. तुमची आई रोज थोडी थोडी जातेय आणि त्याचा शोक करायला तुम्हाला एकही दिवस मिळालेला नाही. तो असा रात्री ३ वाजता बाहेर पडला.

तुमचा प्रश्न मात्र असा आहे की आईला कसं पटवू. माझं उत्तर आहे, पटवू नका. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुमची सगळी ताकद पटवण्यात जातेय. आईला पटवायचं की मी चोरी केली नाही, हेच तुझं घर आहे, बाबा गेले. दादाला पटवायचं की आई खरंच आजारी आहे. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःला पटवायचं की मी वाईट मुलगी नाही. या तिघांपैकी कुणालाही शब्दांनी पटणार नाही.

आईंच्या बाबतीत हे का अशक्य आहे ते सांगते, कारण ते कळलं की आरोपाची धार थोडी बोथट होते. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्याने घडलेलं टिपून ठेवणं हे त्याचं काम, आणि अल्झायमर त्याला अगदी सुरुवातीलाच गाठतो. आई पाकीट लपवतात ती गोष्ट कुठे नोंदलीच जात नाही. म्हणजे त्या विसरत नाहीत, त्यांच्या लेखी ते घडलेलंच नसतं. मग पाकीट जागेवर नाही याचा एकच अर्थ उरतो, कुणीतरी घेतलं. कुणी? जे चोवीस तास समोर आहे त्याने. म्हणूनच हा आळ जवळजवळ नेहमी करणाऱ्यावर येतो, फोनवर बोलणाऱ्यावर येत नाही. शिवाय आपल्याला आठवत नाही, हेच या आजारात अनेकांना जाणवत नाही. तो हट्टही नसतो आणि सोंगही नसतं. स्वतःच्या उणिवेची जाणीव करून देणारी यंत्रणाच आजारात सापडलेली असते. तुम्ही पुरावे देता तेव्हा ते ठेवून घ्यायला तिथे जागाच नसते.

भावना मात्र वेगळ्या वाटेने टिकतात. २०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्यांना चित्रफिती दाखवल्या, काही हसवणाऱ्या, काही रडवणाऱ्या. थोड्याच वेळाने त्यांना काय पाहिलं ते आठवत नव्हतं, पण त्या फितींनी आणलेलं दुःख किंवा आनंद मागे राहिला होता. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. सांगते ते यासाठी की रागाने घातलेला वाद सकाळी पुसला गेला असं वाटतं, तेव्हा त्यातली भीती कदाचित राहिलेली असते, आणि दुपारी तुम्ही दहा मिनिटं त्यांचे केस विंचरले असतील तर तेही मागे राहतं. विंचरलेलं त्या विसरतील, बरं वाटणं जरा वेळ टिकेल.

तर पाकिटाचं काय करायचं? ‘मी घेतलं नाही’ हे वाक्य सोडून द्या. त्याऐवजी, ‘पाकीट सापडत नाहीये? अगं बाई, पैशांचं म्हटलं की जीव घाबरतोच. चल, बघू या.’ शोधायला दोघींनी लागायचं. ते कुठे आहे हे तुम्हाला माहीत असलं तरी तुम्ही काढून देऊ नका. त्यांचा हात जिथे जाईल अशा ठिकाणी हळूच सरकवा, त्यांनाच सापडू दे. म्हणजे ‘तुझ्याकडेच होतं’ याला जागा उरत नाही. शक्य असेल तर तशाच रंगाची दोन-तीन पाकिटं आणून थोडे सुटे पैसे घालून ठेवा. त्यांच्या लपवायच्या जागा दोन-चारच असतात, उशीचा अभ्रा, कपड्यांच्या घड्या, चपला. त्या ओळखून ठेवा. कचऱ्याची बादली रिकामी करण्याआधी हात घालून बघा, त्यांचा चष्मा आणि कवळीसुद्धा तिथे निघू शकते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा. लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही, आणि सगळ्यांसमोर आरोप झाला की तुम्हाला खुलासे करत बसावं लागणार नाही.

‘मला माझ्या घरी सोड’ यातलं घर म्हणजे पत्ता नसतो. ज्या घरात सगळी माणसं आपली होती आणि आपल्याला सगळं कळत होतं, ते घर त्यांना हवं असतं. ‘हेच तुझं घर’ म्हटलं की त्यांना एवढंच कळतं की ही मला सोडत नाही. ‘तिथे कोण कोण आहे गं?’ असं विचारा आणि ऐकत बसा. कधी चपला घालून दोघी एक फेरी मारून परत या. संध्याकाळीच हे का वाढतं? दिवसभराचा थकवा असतो, उजेड कमी झाल्यावर सावल्या लांबतात, आणि या आजारात शरीराचं घड्याळही बिघडतं. म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा आणि हातांना काहीतरी काम द्या. कपड्यांच्या घड्या घालणं हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण हात ते विसरलेले नसतात. बाथरूमला जायचंय का, कुठे दुखतंय का, तेही बघा. ‘घरी जायचंय’ म्हणजे कधीकधी ‘पोट दुखतंय’ असंही असतं, फक्त तो शब्द सापडत नाही.

बाबांबद्दल मी जरा सावकाश लिहिते. माझे वडील शेवटची सहा वर्षं याच आजारात होते आणि त्यांचं मी केलं. ते त्यांच्या थोरल्या भावाची वाट बघत असत. काका जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मी आठ महिने त्यांना दर वेळी खरं सांगत राहिले, कारण वडिलांशी खोटं बोलायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. दर वेळी काका नव्याने जात. कधी एकाच दिवसात दोनदा. शेवटी आमच्याकडे येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, ‘ताई, ते बातमी विचारत नाहीयेत.’ त्या दिवसापासून मी विचारू लागले, ‘काकांची आठवण येतेय का?’ मग ते बोलायचे, काका पोहायला कसे शिकवायचे ते सांगायचे, आणि बोलता बोलता प्रश्न मागे पडायचा. यात मला एकदाही खोटं बोलावं लागलं नाही. तुम्हीही हे आधी करून बघा. आईंनी फारच धरून ठेवलं तर ‘बाबा आत्ता इथे नाहीत’ एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. पण एखाद्या दिवशी त्या तुमच्याकडे नीट बघून विचारतील, ‘गेले ना गं ते?’ तेव्हा मात्र हो म्हणा. हात धरा आणि दोघी मिळून रडा. त्या क्षणी त्यांना टाळणं म्हणजे खरी फसवणूक.

रात्रीच्या जागरणाचं सगळं खापर अल्झायमरवर फोडण्याआधी डॉक्टरांना काही नेमके प्रश्न विचारा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, सांध्यांचं दुखणं यांतलं काही आहे का? अल्झायमरसाठी देतात ती डोनेपेझिल नावाची गोळी चालू असेल आणि ती रात्री देत असाल तर तिच्यामुळे झोप मोडू शकते, विचित्र स्वप्नं पडू शकतात. ती सकाळी दिली तर चालेल का? लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी जाते का? दुकानातून आणलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यातल्या काही औषधांनी गोंधळ आणखी वाढतो. संशय आणि आरडाओरडा कमी व्हावा म्हणून मानसोपचारातली जी भारी औषधं देतात त्यांच्याबद्दल तर जपूनच. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, नाही असं नाही. पण का, किती आणि किती दिवस, हे तिन्ही प्रश्न विचारूनच द्या, आणि चालू असलेली एकदम बंदही करू नका. एक फरक कायम लक्षात असू द्या. महिन्यांमध्ये होणारी घसरण आजाराची असते. दोन-तीन दिवसांत माणूस एकदम भलतंच वागू लागला, गुंगीत गेला किंवा भास होऊ लागले, तर बहुतेकदा शरीरात दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं आणि त्यावर उपचार होऊ शकतात.

आता दादा. आई त्याच्यापुढे बऱ्या असतात यात आश्चर्य नाही. थोड्या वेळासाठी सगळं बळ एकवटून नीट वागणं या आजारात बराच काळ जमतं, आणि ‘कसा आहेस, जेवलास का’ ही वाक्यं तर आयुष्यभराच्या सवयीने आपोआप येतात. दादा खोटं बोलत नाही, त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. बहुधा त्याला त्यापलीकडचं बघायची भीतीही वाटत असेल. आई त्याचीही जातेय. पण ती भीती तुमच्या झोपेच्या किमतीवर सांभाळायची नाही. त्याला फोन करा आणि वाद न घालता सांगा, ‘दादा, आई आजारी आहे हे तुला पटवणं मी सोडलंय. अमुक तारखेपासून चार रात्री तू आईजवळ झोप. मी घरात नसेन.’ दोन रात्री नकोत, चारच. दोन रात्री त्या निभावून नेतील. आणि आईंना त्याच्या घरी पाठवू नका, अनोळखी जागेत त्या जास्त गोंधळतील. त्याला इकडे येऊ दे. औषधांच्या वेळा, पाकिटाच्या जागा, संध्याकाळच्या दिव्यांचं, सगळं एका कागदावर लिहून द्या आणि खरंच घराबाहेर पडा. दारामागे थांबून ऐकू नका.

तो येऊ शकत नसेल तर रात्रीच्या सोबतीला माणूस ठेवायचा खर्च त्याने द्यावा. दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, तुम्ही मागायची वाट न बघता. औषधं मागवणं, बँकेचं, विम्याचं, डॉक्टरांच्या वेळा ही कामं लांबूनही होतात. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र असं काही राहिलं असेल तर वकिलाला लगेच भेटायला त्यालाच सांगा. आई समजून सही करू शकतात तोवरच त्या कागदांना अर्थ आहे. आणि यातलं काहीच करायला तो तयार नसेल, तर संस्थेबद्दल त्याचं मत ऐकून घ्या आणि निर्णय तुम्ही करा. जो आईचं करत नाही त्याला नाही म्हणायचा अधिकार मी तरी देणार नाही.

संस्थेत ठेवा किंवा ठेवू नका, असं मी इथून सांगू शकत नाही. आधी दिवसा सांभाळणारं केंद्र जवळपास आहे का ते बघा. आठवड्यातले तीन दिवस आई तिथे गेल्या तरी पुष्कळ फरक पडेल. पुढे पूर्णवेळ संस्था बघायची वेळ आलीच तर न कळवता, संध्याकाळच्या वेळी जा. रात्री किती माणसं कामावर असतात ते विचारा. कुणाला खुर्चीला बांधून ठेवलंय का ते बघा. अंघोळीला नकार दिला तर काय करता, असं विचारा. ‘करायलाच लावतो’ असं उत्तर आलं तर परत फिरा. तुम्हाला हव्या त्या वेळी भेटू देत नसतील, तरीही परत फिरा.

नोकरीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. सोडू नका. निदानानंतर माणूस साधारण चार ते आठ वर्षं जगतो, पण कुणी वीस वर्षंही काढतं. तुम्ही ५३ च्या आहात. हे संपेल तेव्हा तुमचं म्हातारपण समोर असेल आणि त्याची तजवीज दुसरं कुणी केलेली नसेल. शिवाय ते अर्धवेळ ऑफिस ही सध्या एकच जागा आहे, जिथे तुम्हाला कुणी चोर म्हणत नाही.

त्या रात्रीबद्दल आईंची माफी मागायची असेल तर मागा. त्यांना संदर्भ लागणार नाही, तरीही. वळाची जागा आता पिवळी पडली असेल, तिच्यावरून हात फिरवा आणि ‘माझ्यामुळे लागलं गं’ असं खरं सांगा. त्या कदाचित म्हणतील, ‘असू दे.’ कदाचित पाकीट कुठे आहे विचारतील. दोन्हीला तयार असा.

दादाला फोन आजच करा आणि तारीख ठरली की मला कळवा. पुढचं पत्र त्या चार रात्री झोपून झाल्यावर लिहा.